पिकअप घाटात बंद पडते तेव्हा: डिझेल पंप बदलायचा की आधी दुसरं काही तपासायचं?

बेळगावहून भाजी भरून पहाटे गोव्याकडे निघालेली पिकअप चोर्लाच्या चढावर दम टाकते, दुसऱ्या गिअरवरही ओढत नाही आणि एखाद्या वळणावर बंद पडते. दहा मिनिटं थांबून स्टार्टर मारला की सुरू होते आणि सपाटीला लागली की काही झालंच नव्हतं अशी पळते. या मार्गावरच्या चालकांना हा अनुभव नवा नाही. कोथिंबीर, मेथी, टोमॅटो असा माल दोन तास उशिरा पोचला तरी त्याचा भाव उतरतो. गाडीचा हप्ता मात्र उतरत नाही. मग गाडी गॅरेजला जाते आणि बॉनेट उघडायच्या आधीच कानावर पडतं, "पंप गेलाय."

पंप खरंच जातो, नाही असं नाही. पण पंप बदलूनही तीच गाडी आठवड्याभरात त्याच वळणावर उभी राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत. इतका महाग सुटा भाग घेण्याआधी त्याच्यापर्यंत डिझेल नीट पोचतंय का, हे पाहायला अर्धा दिवस आणि थोडंसं सामान पुरतं.

एका गाडीत दोन पंप

'पंप' या शब्दानं आपल्याकडे बराच घोळ घातला आहे. डिझेल भरतो तोही पंप, इंजिनावर असतो तोही पंप, आणि दुरुस्त करतो तो पंपवाला. गाडीपुरतं बोलायचं तर दोन वेगळी कामं असतात. टाकीतलं डिझेल इंजिनापर्यंत आणायचं काम फीड पंपाचं. ते प्रचंड दाबानं इंजेक्टरकडे ढकलायचं काम हाय प्रेशर पंपाचं.

जुन्या मेकॅनिकल गाड्यांत फीड पंप हा एक छोटा, पिस्टनचा किंवा डायफ्रॅमचा भाग असायचा, त्याच्याजवळ किंवा फिल्टरवर हातानं दाबायचा प्रायमर. पुढचा रोटरी किंवा इनलाइन पंप ज्याच्या त्याच्या नळीत मोजून डिझेल सोडायचा आणि नोझल साधारण दोनशे-अडीचशे बार दाबाला उघडायची. आताच्या कॉमन रेल गाडीत सगळ्या इंजेक्टरना मिळून एकच जाड नळी असते, तिला रेल म्हणतात. हाय प्रेशर पंप तिच्यात डिझेल कोंबून ठेवतो आणि कोणता इंजेक्टर कधी उघडायचा हे ईसीयू ठरवतो. रेलमधला दाब पूर्ण लोडवर १६०० बार किंवा त्याहून जास्त जातो. कारच्या टायरमधली हवा साधारण दोन बार असते, त्यावरून अंदाज यावा.

स्टार्टर मारताना रेलमध्ये ठरावीक किमान दाब तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडूच देत नाही. हा दाब बहुतेक गाड्यांत दोनशे बारच्या आसपास असतो. म्हणजे बॅटरी उतरलेली असली, इंजिन संथ फिरलं, तरी दाब बनत नाही आणि गाडी सुरू होत नाही. लक्षण पंपाचं, दोष बॅटरीचा. असे गैरसमज या यंत्रणेत जागोजागी आहेत.

बऱ्याच कॉमन रेल पिकअपमध्ये टाकीपाशी विजेचा पंप नसतोच. हाय प्रेशर पंपाच्या पाठीलाच एक छोटा गिअर पंप असतो आणि तो फिल्टरमधून डिझेल ओढून घेतो. चावी ऑन केल्यावर मागून दोन-तीन सेकंद गूंऽऽ आवाज आला तर विजेचा पंप आहे असं समजावं. आवाज नसेल तर नक्की काय बसवलंय ते मॅन्युअलमध्ये पाहावं, कारण तपासणीची पद्धत त्यावर बदलते.

ओढणारी नळी गळत नाही, हवा खाते

टाकीपासून गिअर पंपापर्यंतची नळी ही ओढणारी बाजू. तिच्यात बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो. त्यामुळं तिथं बारीक चीर पडली, क्लिप सैल झाली, तांब्याचा वॉशर दबला किंवा फिल्टरची रबरी रिंग वेडीवाकडी बसली, तर डिझेल बाहेर पडत नाही. हवा आत जाते. खाली थेंबही दिसत नाही, म्हणून मेकॅनिक नळीला क्लीन चिट देतो आणि बोट पंपाकडे वळतं. बेळगावच्या गॅरेजात मराठी, कानडी, हिंदी तिन्ही भाषा एका वाक्यात चालतात, पण "हवा धरली" म्हटलं की सगळ्यांना कळतं. ती कुठून धरली हे शोधायचा कंटाळा मात्र तिन्ही भाषांत सारखाच.

हवा धरल्याची खूण अशी की गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू व्हायला त्रास देते. नळीतलं डिझेल हवेमुळं मागं टाकीत उतरलेलं असतं. प्रायमर दाबून कडक केला की लगेच सुरू होते. असं रोज होत असेल तर पंपाला हात लावू नये. फिल्टरच्या पुढं पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या जागी फूटभर पारदर्शक, डिझेलला चालणारी नळी तात्पुरती लावावी आणि इंजिन चालू ठेवून बघावं. प्राइम केल्यानंतर सुरुवातीला चार बुडबुडे येणं ठीक, पण पाच मिनिटांनंतरही माळ सुरूच असेल तर चोर सापडला.

दुसरी तपासणी जुन्या मेकॅनिकांची आहे आणि आजही तितकीच खणखणीत. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्यायचा, त्यात फिल्टर केलेलं डिझेल भरायचं, इंजिनाजवळ पण एक्झॉस्टपासून लांब घट्ट बांधायचा आणि फिल्टरच्या इनलेटला टाकीऐवजी या कॅनमधून नळी द्यायची. रिटर्नची नळीही कॅनमध्येच सोडायची. गाडी आता नीट चालली तर दोष टाकीकडच्या बाजूला आहे, पंपाची सुटका. नाही चालली तर निदान टाकी आणि मागची नळी निर्दोष ठरली. हा कॅन लावून गाडी उभ्याउभ्या तपासावी. तो बांधून घाट चढायचं धाडस कुणी करू नये.

घाटात बंद पडून दहा मिनिटांनी सुरू होणाऱ्या गाडीच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी पंपाच्या आधी येतात. पहिली, टाकीचं झाकण. टाकीतलं डिझेल कमी होतं तसं बाहेरची हवा आत यायला श्वासमार्ग लागतो. तो चिखलानं बुजला की टाकीत पोकळी तयार होते, पंप ओढून ओढून थकतो. बंद पडल्यावर झाकण उघडताना 'फुस्स' आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू झाली तर दुरुस्तीचा खर्च जवळजवळ शून्य.

दुसरी, टाकीतलं डिझेल. सीमाभागात डिझेलचा भाव नदी-नाक्यापलीकडे बदलतो, कारण डिझेल जीएसटीत नाही आणि प्रत्येक राज्याचा कर वेगळा. त्यामुळं पलीकडे स्वस्त असेल तर अलीकडे काटा लालपर्यंत आणायची सवय अनेकांना असते. लीटरमागं वाचणारे दोन-चार रुपये खरेच असतात. पण उभ्या चढावर टाकीतलं थोडंसं डिझेल एका कडेला सरकतं आणि ओढणाऱ्या नळीचं तोंड उघडं पडू शकतं. तळाचा गाळ आणि पाणी ओढलं जातं ते वेगळंच.

तिसरी, क्रँक सेन्सर. हा तापला की काही वेळा सिग्नल सोडतो, थंड झाला की पुन्हा कामाला लागतो. लक्षण हुबेहूब पंपासारखं. स्टार्टर मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत असेल तर डिझेलचा काही संबंध नाही.

फिल्टरबद्दल वेगळं सांगायची गरज नसावी, तरी सांगावं लागतं. सपाटीवर चालणारी आणि लोड घेऊन चढावर मरगळणारी गाडी म्हणजे आधी फिल्टर. नवा घातलाय म्हणणाऱ्यानं तो कोणत्या दुकानातून आणि कोणत्या किमतीला घेतला हेही आठवावं.

मग पंपाचा नंबर कधी लागतो?

ओढणारी बाजू स्वच्छ निघाली की स्कॅनर लावून दोन आकडे पाहायचे: ईसीयूनं मागितलेला रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेला. उभ्या गाडीत नव्हे, भरलेल्या गाडीत, चढावर. मागणी वर जाते आणि प्रत्यक्ष आकडा मागं पडत जातो असं दिसलं तर दाब कुठंतरी गळतोय किंवा तयारच होत नाही.

इथंही पंपाआधी इंजेक्टर. झिजलेला इंजेक्टर रेलमधलं डिझेल सिलिंडरऐवजी रिटर्न नळीतून परत टाकीकडे सोडतो. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला एकसारख्या चार बाटल्या लावून इंजिन काही मिनिटं चालवलं की एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरलेली दिसते. पंप बिचारा पुरवतोय, हा उधळतोय. अशा गाडीला नवा पंप घातला तर काही दिवस बरं वाटतं, कारण नवा पंप ती गळती भरून काढतो.

इंजेक्टर ठीक असतील तर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह राहतो. पंपात किती डिझेल घ्यायचं हे तो ठरवतो. कचऱ्यानं अडकतो, बऱ्याच पंपांवर वेगळा मिळतो आणि पंपापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. हे सगळं नीट निघालं आणि तरी दाब बनत नाही, त्यातही गाडी गरम झाल्यावर जास्त त्रास देते, तर पंप झिजलाय म्हणायला हरकत नाही. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या पिस्टनच्या बाजूनं निसटतं, म्हणून थंडपणी चालणारी गाडी तापल्यावर रुसते.

एक तपासणी मात्र कधीच टाळू नये. फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या भांड्यात काढून उन्हात बघावं, मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याची जाळी बघावी. चकचकीत धातूची भुकटी दिसली तर प्रकरण फक्त पंपाचं राहिलेलं नाही. ती भुकटी रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये आणि रिटर्नमधून टाकीत गेलेली असते. नुसता पंप बदलणं म्हणजे नव्या पंपाला तीच भुकटी पाजणं. टाकी उतरवून धुणं, नळ्या, रेल, इंजेक्टर सगळंच पाहावं लागतं आणि हिशोब काही हजारांवरून लाखाच्या घरात जाऊ शकतो. म्हणूनच आवाज बदललाय, पिकअप कमी झालाय असं वाटत असताना "अजून एक खेप मारून बघू" हा सगळ्यात महाग निर्णय ठरतो.

अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांनी हजारो डॉलर घालवून शिकलेलं

डिझेल पिकअप आणि तिचा पंप या विषयावर सगळ्यात जास्त डोकेफोड अमेरिकेत झाली आहे. १९९८ ते २००२ या काळातल्या डॉज रॅम पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन आणि त्यावर बॉशचा व्हीपी-४४ हा इलेक्ट्रॉनिक रोटरी पंप होता. इंजिन दणकट, पण डिझेल आणणारा छोटा विजेचा फीड पंप इंजिनाच्या अंगावर बसवलेला, टाकीपासून लांब. तो दमला तरी गाडी बंद पडत नसे, कारण मोठा पंप स्वतःच थोडंफार ओढून घ्यायचा. मेख इथंच होती. त्या मोठ्या पंपाला थंड ठेवणारं आणि वंगण देणारं दुसरं काही नव्हतं, वाहणारं डिझेलच ते काम करायचं. प्रवाह कमी झाला की तो आतून तापत, झिजत जायचा आणि एक दिवस जायचा. मालक नवा मोठा पंप बसवायचे, छोटा तोच ठेवायचे, आणि नवाही जायचा.

शेवटी जाणकार मालकांनी डॅशबोर्डवर डिझेल प्रेशरचा काटाच लावून घेतला. लोडवर दाब दहा पीएसआयच्या खाली आला की छोटा पंप बदलायचा, मोठा मरायची वाट बघायची नाही. अनेकांनी चासीवर, टाकीजवळ, मोठा विजेचा पंप फिल्टरसकट बसवला. पुढं कंपनीनंही आपला फीड पंप टाकीत नेला.

दुसरी गोष्ट बॉशच्याच सीपी-४ या हाय प्रेशर पंपाची. आधीच्या सीपी-३ मध्ये तीन पिस्टन होते. सीपी-४ मध्ये एक किंवा दोन, आणि कॅमवर फिरणारे रोलर. डिझेलचं वंगण कमी पडलं किंवा हवा-पाणी गेलं आणि रोलर धरणारा भाग आपल्या जागेत फिरला, तर रोलर कॅमवर आडवा घासतो आणि धातूची भुकटी सगळ्या यंत्रणेत जाते. जनरल मोटर्सच्या २०११ ते २०१६ च्या डिझेल पिकअपमध्ये हा पंप होता. पुढच्या इंजिनात कंपनी डेन्सोच्या पंपाकडे वळली. रॅमनं २०१९ ला सीपी-४ घेतला आणि २०२१ च्या अखेरीस दोन लाखांहून जास्त गाड्या पंपासाठी परत बोलावल्या. तिकडं सीपी-४ काढून सीपी-३ बसवायचे तयार संच मिळतात. इकडं कुणी तसा जुगाड सुचवला तर नम्रपणे नको म्हणावं. पंप, रेल आणि ईसीयूचा प्रोग्रॅम एकमेकांना धरून असतात. नुसते बोल्ट जुळले म्हणून पंप जुळला असं होत नाही.

डिझेलच्या वंगणाचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. बीएस-४ डिझेलमध्ये गंधक ५० पीपीएमपर्यंत चालायचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आणि ती मर्यादा १० पीपीएम झाली. गंधक काढताना डिझेलमधले नैसर्गिक वंगण देणारे घटकही जातात, म्हणून वंगणाचं रसायन वरून मिसळलं जातं. अधिकृत पंपावरचं डिझेल त्यामुळं ठीक असतं. पण त्यात रॉकेल मिसळलं की वंगण पुन्हा घसरतं. जुना इनलाइन पंप, ज्याच्या कॅमला इंजिन ऑइल मिळायचं, असं डिझेल बरीच वर्षं पचवायचा. कॉमन रेल पंपाला ते झेपत नाही. ढाब्यामागच्या कॅनमधलं स्वस्त डिझेल कोणत्याही राज्यातलं असो, ते स्वस्त नसतं. शंका आली तर डिझेल पंपावर घनतेची नोंद दाखवायला सांगता येते आणि पाच लिटरच्या मापानं मोजून मागता येतं. तो ग्राहकाचा हक्क आहे.

जादा विजेचा पंप बसवावा का?

अमेरिकेतलं पाहून इथंही टाकीजवळ विजेचा पंप लावून द्यायची टूम निघते. त्याचा खरा उपयोग ओढणारी बाजू मुळातच कमजोर असेल तेव्हा होतो: लांब नळी, सतत चढ, जुनी मेकॅनिकल गाडी. हवा खाणारी नळी झाकण्यासाठी तो लावला तर गळती फक्त उलटी होते, आता तिथून डिझेल बाहेर पडतं. निदान दिसतं तरी, हा त्यातला फायदा.

लावायचाच असेल तर डिझेलसाठी बनवलेलाच घ्यावा. पेट्रोल कारच्या टाकीतला उचलून लावू नये. असा पंप ढकलण्यात पटाईत आणि ओढण्यात कच्चा असतो, म्हणून जागा टाकीजवळ आणि खालच्या बाजूला हवी, त्याच्या आधी जाळीचा फिल्टर हवा. ज्या हाय प्रेशर पंपाची रचना स्वतः ओढून घ्यायची आहे, त्याला मागून जास्त दाब दिला तर शाफ्टचं सील फुटून डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. वायरिंगला फ्यूज आणि रिले हवाच, आणि इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप बंद झाला पाहिजे. अपघातात उलटलेल्या गाडीत फुटक्या नळीतून डिझेल ओतत राहणारा पंप काय करू शकतो, याची कल्पना केलेली बरी. वॉरंटीत असलेल्या बीएस-६ गाडीला तर हा उद्योग करूच नये.

पंप घेताना, बसवताना

पंपावर कोरलेला नंबर हीच त्याची ओळख. बॉशच्या कॉमन रेल पंपाचा नंबर दहा आकडी, ०४४५ नं सुरू होणारा. जुन्या व्हीई रोटरी पंपाचा ०४६० नं. दुकानदाराला "अमुक गाडीचा पंप द्या" म्हणण्यापेक्षा हा नंबर दाखवावा, कारण एकाच मॉडेलला वर्षागणिक पंप बदललेले असतात. नवा परवडत नसेल तर टेस्ट बेंचवर तपासलेला रिकंडिशन पंप चालतो, पण बेंचचा रिपोर्ट हातात घ्यावा. भंगारातून काढून डिझेलनं पुसलेला पंप म्हणजे लॉटरी. जुना मेकॅनिकल पंप मात्र बहुतेक वेळा दुरुस्त होण्यासारखा असतो. बेंचवर कॅलिब्रेट करणारा चांगला पंपवाला मिळाला तर नव्याचा विचारही नको; बसवताना टायमिंग नेमकं लावणारा माणूस हवा एवढंच.

बसवल्यावर कोरड्या पंपावर स्टार्टर मारत राहणं हा नव्या पंपाचा खून आहे. आधी प्रायमरनं फिल्टर आणि पंप डिझेलनं भरून घ्यायचे, मग दहा सेकंद स्टार्टर, अर्धा मिनिट विश्रांती.

आणि एक जीवावरची गोष्ट. जुन्या गाडीत हवा काढायला इंजिन फिरत असताना नोझलचा नट सैल करायची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये तो नट चालू इंजिनावर कधीही सैल करायचा नाही. गळती बोट फिरवून शोधायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. सोळाशे बारचा धागा हातमोजा आणि कातडी सहज भेदतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण आत गेलेलं डिझेल बोट, कधी हात कापायची वेळ आणतं. असं झालं तर मलम लावून काम पुढं रेटायचं नाही, ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जाऊन "दाबानं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं. इंजिन बंद केल्यावरही नळी खोलण्याआधी काही मिनिटं थांबावं, आणि काढलेल्या हाय प्रेशर नळ्यांच्या जागी कंपनीनं नव्या घालायला सांगितल्या असतील तर नव्याच घालाव्यात.

पावसाळ्यात खानापूर-चोर्ला पट्ट्यात धावणाऱ्या गाडीनं फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू आठवड्यातून एकदा सोडून बघावा. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. वाटीत आधी पाणी, मग स्वच्छ डिझेल आलं की स्क्रू बंद. या कामाला पाच मिनिटं लागतात आणि गॅरेजला जावं लागत नाही. गॅरेजला जावंच लागलं, पंप बदललाच, तर बिलावर नव्या पंपाचा नंबर लिहून घ्यावा आणि जुना पंप पिशवीत घालून घरी आणावा.